सेंद्रिय ऋणायनयुक्त स्तरित द्विहायड्रॉक्साइडे : निर्मितीपद्धती आणि पुराव्याची चिकित्सा

सारांश : स्तरित द्विहायड्रॉक्साइडे या मृत्तिकासदृश पदार्थांच्या थरांमध्ये सेंद्रिय ऋणायन सामावून घेता येतात. औषधवहन, उत्प्रेरण, बहुवारिकांचे संमिश्र पदार्थ आणि जलशुद्धीकरण या क्षेत्रांत अशा पदार्थांविषयी विपुल संशोधन झाले आहे. निर्मितीची कृती सोपी आणि साहित्य स्वस्त असल्यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही हा विषय जवळचा वाटतो. प्रस्तुत लेखात सहअवक्षेपण, आयन विनिमय आणि निस्तापनोत्तर पुनर्रचना या तीन प्रमुख पद्धतींची चिकित्सा केली आहे. अंतर्वेशन सिद्ध करण्यासाठी सामान्यतः दिला जाणारा पुरावा कितपत पुरेसा असतो, हेही तपासले आहे. विवर्तनावरून सेंद्रिय आयनांचे स्थान कळते, पण त्यांचे प्रमाण कळत नाही. रासायनिक विश्लेषणावरून प्रमाण कळते, पण स्थान कळत नाही. म्हणून या दोहोंची सांगड घातल्याशिवाय अंतर्वेशनाचा दावा ग्राह्य धरू नये, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्तरित द्विहायड्रॉक्साइड, हायड्रोटाल्साइट, ऋणायनी मृत्तिका, अंतर्वेशन, आयन विनिमय, कार्बोनेट.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यातील स्मेक्टाइट गटातील मृत्तिका हे या वर्तनाचे कारण होय. या मृत्तिकांचे थर ऋणभारित असतात. थरांमधील जागेत सोडियम, कॅल्शियम यांसारखे धनायन आणि पाण्याचे रेणू राहतात. पाणी शिरले की थर एकमेकांपासून दूर जातात आणि ते निघून गेले की जवळ येतात. या धनायनांच्या जागी सेंद्रिय अमोनियम आयन बसवून सेंद्रिय मृत्तिका तयार करण्याचे तंत्र उद्योगात रुळलेले आहे.

याच्या नेमकी उलट रचना असलेल्या पदार्थांचाही एक वर्ग आहे. त्यांचे थर धनभारित असून थरांमधील जागेत ऋणायन असतात. म्हणून त्यांना ऋणायनी मृत्तिका म्हणतात. निसर्गात ही खनिजे तुलनेने विरळ आढळतात. प्रयोगशाळेत मात्र ती सहज तयार होतात. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांचे विद्राव्य क्षार, एक अल्क आणि पाणी एवढे साहित्य त्यासाठी पुरते. थरांमध्ये सेंद्रिय आम्लांचे ऋणायन, रंगद्रव्ये, औषधे, अमिनो आम्ले, इतकेच नव्हे तर डीएनएचे तुकडेही सामावल्याचे दावे प्रसिद्ध झाले आहेत.

साका मिळवणे सोपे आहे. मिळालेला साका कशाचा आहे हे सांगणे अवघड आहे. या विषयावरील लेखनात पहिल्या भागाला विस्तृत जागा मिळते, दुसरा भाग अनेकदा एका विवर्तन आलेखावर आटोपला जातो. ही विषमता हाच प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

२. रचना आणि तिच्या आकलनाचा इतिहास

या वर्गातील प्रातिनिधिक खनिज म्हणजे हायड्रोटाल्साइट. अनेक शोधनिबंधांच्या पहिल्याच परिच्छेदात ते १८४२ मध्ये स्वीडनमध्ये सापडले असे विधान आढळते. वास्तविक १८४२ मध्ये हॉखस्टेटर यांनी वर्णन केलेले खनिज नॉर्वेतील स्नारूम येथील होते. ही चूक किरकोळ आहे, परंतु एका निबंधातील वाक्य न तपासता दुसऱ्यात उतरवण्याची सवय तिच्यातून दिसते. त्याचे रासायनिक सूत्र मानासे यांनी १९१५ मध्ये मांडले. त्यानुसार सहा मॅग्नेशियम, दोन ॲल्युमिनियम, सोळा हायड्रॉक्साइड, एक कार्बोनेट आणि पाण्याचे चार रेणू असे त्याचे घटन आहे.

१९४२ मध्ये फाइटक्नेख्ट यांनी अशा संयुगांच्या संश्लेषणाचा अभ्यास करून त्यांच्या रचनेविषयी एक कल्पना मांडली. एका धातूच्या हायड्रॉक्साइडचा थर आणि त्यावर दुसऱ्या धातूच्या हायड्रॉक्साइडचा थर, अशी ती द्विस्तरी रचना होती. पुढे आल्मान यांनी १९६८ मध्ये आणि टेलर यांनी १९६९ मध्ये याच कुळातील पायरोऑराइट व स्योग्रेनाइट या खनिजांच्या क्ष-किरण अभ्यासातून ही कल्पना चुकीची ठरवली. दोन्ही धातूंचे आयन एकाच थरात असतात आणि थरांमधील जागेत कार्बोनेट व पाणी असते, हे त्यांनी दाखवले. संश्लेषण यशस्वी होऊनही रचनेचे आकलन सुमारे पाव शतक चुकीचे राहू शकते, हा या इतिहासाचा धडा आहे.

आज मान्य असलेली रचना अशी : द्विसंयुजी धातूच्या हायड्रॉक्साइडच्या थरातील काही आयनांची जागा त्रिसंयुजी धातूचे आयन घेतात. अशा प्रत्येक अदलाबदलीमागे थरावर एक धनभार वाढतो. द्विसंयुजी व त्रिसंयुजी आयनांचे गुणोत्तर सामान्यतः २ ते ४ असताना शुद्ध प्रावस्था मिळते. गुणोत्तर २ असेल तर मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम थराच्या पृष्ठावर प्रत्येक भारामागे सुमारे ०.२४ चौरस नॅनोमीटर जागा येते. गुणोत्तर ३ असेल तर सुमारे ०.३२ चौरस नॅनोमीटर. एखादा सेंद्रिय आयन थरांमध्ये उभा राहील, कलेल की आडवा पडेल, हे पुष्कळ अंशी या जागेवर ठरते.

३. निर्मितीपद्धतींची चिकित्सा

३.१ कार्बोनेटचा प्रश्न

सर्व पद्धतींना भेडसावणारी अडचण एकच आहे. मियाता यांनी १९८३ मध्ये ऋणायनांचा जो पसंतिक्रम प्रसिद्ध केला त्यात एकसंयुजी आयनांमध्ये हायड्रॉक्साइड व फ्लोराइड वरच्या स्थानी, तर नायट्रेट व आयोडाइड खालच्या स्थानी आहेत. द्विसंयुजी कार्बोनेटला थरांचे आकर्षण विशेष प्रबळ आहे. संश्लेषण अल्कधर्मी द्रावणात होते आणि असे द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. परिणामी न बोलावलेला कार्बोनेट थरांमध्ये शिरतो आणि एकदा शिरला की सहसा हलत नाही.

येथे एका ऐतिहासिक बाबीची नोंद घ्यावी लागेल. कवानी, त्रिफिरो आणि व्हक्कारी यांचा १९९१ मधील विस्तृत आढावा या क्षेत्रातील पायाभूत लेखन मानला जातो. त्याचा केंद्रबिंदू प्रामुख्याने उत्प्रेरण हा आहे. उत्प्रेरकासाठी पदार्थ अखेर तापवायचाच असतो आणि तापवताना कार्बोनेट वायुरूपाने निघून जातो. तेथे कार्बोनेट निरुपद्रवी, किंबहुना सोयीचा आहे. सेंद्रिय आयन सामावण्यासाठी मात्र तोच मुख्य प्रतिस्पर्धी ठरतो. एका उद्दिष्टासाठी घडलेली कृती दुसऱ्या उद्दिष्टासाठी जशीच्या तशी उचलल्यास दोष निर्माण होणे अपरिहार्य आहे. सेंद्रिय पाहुण्यांचा स्वतंत्र विचार करणारे न्यूमन व जोन्स यांचे १९९८ मधील लेखन, तसेच कार्बॉक्सिलिक आम्लांच्या अंतर्वेशनपद्धतींची तुलना करणारा कार्लिनो यांचा १९९७ मधील चिकित्सक आढावा, या दृष्टीने अधिक उपयुक्त आहेत.

३.२ सहअवक्षेपण

या पद्धतीत दोन्ही धातूंच्या क्षारांचे मिश्र द्रावण सेंद्रिय आयन असलेल्या अल्कधर्मी द्रावणात थेंबाथेंबाने सोडतात आणि सामू स्थिर ठेवतात. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम जोडीसाठी तो साधारणतः ९ ते १० असतो. थर आणि त्यातील पाहुणा एकाच वेळी जुळून येतात, हा या पद्धतीचा गुण होय. मोठ्या आकाराच्या आयनांसाठी ती विशेष उपयोगी पडते.

तिच्या मर्यादा तीन आहेत. पहिली, द्रावणातील धातूंचे गुणोत्तर घन पदार्थात तसेच उतरेल याची शाश्वती नसते. तरीही अनेक निबंधांत द्रावणातील गुणोत्तरावरून थेट सूत्र लिहिले जाते. दुसरी, सायट्रेटसारखे आयन ॲल्युमिनियमशी स्वतःच संकुल बनवतात. त्यामुळे ॲल्युमिनियमचा काही भाग थरात जाण्याऐवजी द्रावणातच अडकू शकतो. तिसरी मर्यादा अधिक फसवी आहे. लांब साखळीच्या मेदाम्लांचे आयन मॅग्नेशियमबरोबर अविद्राव्य साबण तयार करतात. हा साबण स्वतः स्तरित असतो आणि लहान कोनांवर त्याची स्वतःची विवर्तन शिखरे असतात. अशा शिखराला अंतर्वेशनाचा पुरावा मानल्यास साबणालाच मृत्तिका म्हटल्यासारखे होईल.

३.३ आयन विनिमय

येथे आधी नायट्रेट किंवा क्लोराइड असलेले द्विहायड्रॉक्साइड तयार करतात आणि नंतर ते सेंद्रिय क्षाराच्या द्रावणात ढवळतात. माइन, बेनेके व लागाली यांनी १९९० मध्ये या विनिमयाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. थरांची घडण आधीच झालेली असल्याने धातूंचे गुणोत्तर ठाऊक असते, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे. आरंभीचा पदार्थ व अंतिम पदार्थ यांची तुलनाही करता येते.

मात्र सुरुवातीच्या पदार्थातच कार्बोनेट असेल तर पुढील विनिमय अपुरा राहतो. म्हणून उकळून थंड केलेले कार्बन डायऑक्साइडविरहित पाणी आणि नायट्रोजनचे वातावरण या अटी अवक्षेपणापासून गाळणे, धुणे आणि वाळवणे येथपर्यंत पाळाव्या लागतात. नायट्रोजनखाली अवक्षेपण करून नंतर साका उघड्यावर साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुणे म्हणजे घराचे पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवणे होय. निबंधांतील कृतिवर्णनात धुण्याची पायरी बहुधा अर्ध्या वाक्यात संपते, ही चिंतेची बाब आहे.

कार्बोनेटयुक्त पदार्थापासूनही मार्ग काढता येतो. बिश यांनी १९८० मध्ये टाकोव्हाइट या खनिजातील कार्बोनेट विरल आम्लाच्या साहाय्याने बदलता येतो हे दाखवले. इयी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आम्ल व क्षार यांचे मिश्र द्रावण वापरून स्फटिकांचा आकार टिकवत कार्बोनेट काढण्याची पद्धत दिली. तिचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. कोस्तान्तिनो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या युरिया पद्धतीने उत्तम स्फटिक मिळतात, पण युरियाच्या विघटनातून कार्बोनेटच तयार होतो. सुबक पण कुलूपबंद अशा या स्फटिकांची किल्ली २००४ च्या पद्धतीने हाती आली.

३.४ निस्तापन आणि पुनर्रचना

कार्बोनेटयुक्त हायड्रोटाल्साइट सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवले की पाणी व कार्बन डायऑक्साइड निघून मिश्र ऑक्साइड उरते. ते सेंद्रिय आयनांच्या जलीय द्रावणात टाकल्यास थर पुन्हा घडतात. या गुणाला स्मृतिपरिणाम असे नाव रूढ झाले आहे. चिब्वे व जोन्स यांनी १९८९ मध्ये सेंद्रिय व असेंद्रिय आयनांसाठी हा मार्ग वापरला.

स्मृती हा शब्द आकर्षक असला तरी दिशाभूल करणारा आहे. पदार्थ पूर्वस्थितीत जसाच्या तसा परत येतो, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात तापमान अधिक वाढल्यास स्पिनेल तयार होऊ लागते आणि थर पुन्हा घडण्याची क्षमता घटते. शिवाय थर पुन्हा घडताना ऑक्साइड पाण्याशी अभिक्रिया करते आणि हायड्रॉक्साइड आयन द्रावणात येतात. सामू चढतो. हायड्रॉक्साइड हा स्वतःच सेंद्रिय आयनाचा प्रतिस्पर्धी असतो आणि चढलेला सामू हवेतील कार्बन डायऑक्साइडलाही ओढून आणतो. दिमोताकिस व पिन्नावाया यांनी १९९० मध्ये हायड्रॉक्साइडयुक्त पदार्थावर ग्लिसरॉलच्या उपस्थितीत सेंद्रिय आम्लाची अभिक्रिया घडवली. ग्लिसरॉल थर फुगवते आणि आम्ल हायड्रॉक्साइडचे उदासिनीकरण करते, त्यामुळे सेंद्रिय आयनाला जागा मिळते. पद्धतीतील दोष ओळखून त्याच दोषाला कामाला लावण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

४. पुराव्याची चिकित्सा

४.१ थरांमधील अंतर

अंतर्वेशनाचा सर्वांत प्रचलित पुरावा म्हणजे चूर्ण क्ष-किरण विवर्तनातून मिळणारे थरांचे आवर्ती अंतर. कार्बोनेटयुक्त मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम पदार्थात ते सुमारे ०.७६ ते ०.७८ नॅनोमीटर, नायट्रेटयुक्त पदार्थात सुमारे ०.८८, टेरेप्थॅलेटयुक्त पदार्थात सुमारे १.४ आणि डोडेसिल सल्फेटयुक्त पदार्थात सुमारे २.६ नॅनोमीटर असते. यातून थराची स्वतःची सुमारे ०.४८ नॅनोमीटर जाडी वजा केली की पाहुण्याला मिळालेली उंची कळते.

हा पुरावा आवश्यक आहे, पण त्याच्या तीन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली उपकरणाच्या वापराशी संबंधित आहे. तांब्याच्या क्ष-किरणांनी मापन १० अंशांपासून सुरू केल्यास ०.८८ नॅनोमीटरपेक्षा मोठे अंतर दिसतच नाही. ५ अंशांपासून सुरू केल्यास सुमारे १.७७ नॅनोमीटरची मर्यादा पडते. डोडेसिल सल्फेटचे पहिले शिखर ३.४ अंशांच्या आसपास येते. ते न पाहता उरलेल्या शिखरांवरून काढलेला निष्कर्ष अर्धवट राहतो.

दुसरी मर्यादा शिखरांच्या योगायोगाची आहे. बेंझोएटयुक्त पदार्थाचे अंतर सुमारे १.५४ नॅनोमीटर धरल्यास त्याचे दुसरे शिखर ०.७७ नॅनोमीटरला येते. कार्बोनेटयुक्त प्रावस्थेचे पहिले शिखरही नेमके तेथेच असते. म्हणजे कार्बोनेटची भेसळ बेंझोएटच्या शिखराखाली लपू शकते. अंतर २.३ नॅनोमीटर असल्यास तिसऱ्या शिखराबाबत हाच प्रकार घडतो. दुसरे शिखर पहिल्यापेक्षा अनपेक्षितपणे प्रबळ दिसले, तर ते सुस्फटिकतेचे लक्षण मानण्याऐवजी भेसळीची शक्यता प्रथम तपासणे उचित ठरेल.

तिसरी मर्यादा पाहुण्याच्या अवस्थेची आहे. टेरेप्थॅलेटच्या बाबतीत सुमारे १.४ नॅनोमीटर आणि सुमारे ०.८४ नॅनोमीटर अशी दोन अंतरे नोंदली गेली आहेत. पहिल्यात आयन उभा असतो, दुसऱ्यात आडवा. थरावरील भार कमी असेल आणि पाणी काढून टाकले असेल तर आडवी अवस्था संभवते. म्हणून वाळवण्याचे तापमान आणि हवेतील आर्द्रता न देता सांगितलेले अंतर अपुरे ठरते.

४.२ अवरक्त वर्णपट

कार्बॉक्सिलिक आम्लाचे १७०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचे शिखर नाहीसे होऊन त्याच्या जागी १५५० ते १६०० आणि १४०० च्या आसपास कार्बॉक्सिलेटची शिखरे दिसली, तर आम्ल आयनरूपात आहे एवढे सिद्ध होते. हा आयन थरांमध्ये आहे की कणांच्या बाह्य पृष्ठभागावर चिकटलेला आहे, हे त्यातून कळत नाही. शिवाय कार्बोनेटचे प्रमुख शिखर १३६० ते १३७० ला आणि नायट्रेटचे १३८४ ला येते. कार्बॉक्सिलेटच्या रुंद शिखराशेजारी ही दोन्ही सहज झाकली जातात. तेव्हा केवळ वर्णपटाच्या आधारे कार्बोनेट अनुपस्थित असल्याचे विधान करणे धाडसाचे आहे.

४.३ रासायनिक घटन

एक गणिती उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. दोन मॅग्नेशियम, एक ॲल्युमिनियम, सहा हायड्रॉक्साइड, एक बेंझोएट आणि पाण्याचे दोन रेणू असे आदर्श सूत्र घेतल्यास बेंझोएटचे प्रमाण वजनाने सुमारे ३६ टक्के आणि कार्बनचे सुमारे २५ टक्के येते. थरांवरील निम्म्या भाराचे संतुलन कार्बोनेटने केले आहे असे मानल्यास बेंझोएट सुमारे २१ टक्के आणि कार्बन सुमारे १५.६ टक्के होतो. दोन्ही नमुन्यांत बेंझोएट प्रावस्थेचे अंतर सारखेच दिसू शकते आणि अवरक्त वर्णपटही पुष्कळसे मिळतेजुळते येऊ शकतात. फरक उघड होतो तो विश्लेषणातच.

उलटपक्षी केवळ विश्लेषणही पुरेसे नाही. थरांमध्ये कार्बोनेट आणि बाह्य पृष्ठभागावर बेंझोएट असलेला नमुनाही कार्बनची काही टक्केवारी दाखवेल, पण त्याचे अंतर ०.७७ नॅनोमीटरच राहील. म्हणून सारांशात म्हटल्याप्रमाणे स्थान आणि प्रमाण यांचे पुरावे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. धातूंचे गुणोत्तर, सेंद्रिय आयन, कार्बोनेट व पाणी यांचे स्वतंत्र मापन करून धनभार व ऋणभार यांचा ताळा जुळला, तरच सूत्र लिहिण्याचा अधिकार प्राप्त होतो.

५. उपयोजनांच्या दाव्यांवरील परिणाम

हा प्रश्न तांत्रिक काटेकोरपणापुरता मर्यादित नाही. चॉय व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये न्यूक्लिओटाइडे आणि डीएनए स्तरित द्विहायड्रॉक्साइडात सामावल्याचे प्रसिद्ध केले आणि जैववैद्यकीय उपयोगांकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले. त्यानंतरच्या औषधवहनविषयक निबंधांत औषध आरंभी वेगाने आणि नंतर सावकाश सुटल्याचे आलेख वारंवार दिसतात. आरंभीचा वेगवान भाग हा थरांचा गुण आहे की केवळ पृष्ठभागावर चिकटलेले औषध धुऊन निघाल्याचा परिणाम आहे, हे नमुन्याचे घटन माहीत नसल्यास ठरवता येत नाही.

चाचणीचे माध्यमही विचारात घ्यावे लागते. हायड्रोटाल्साइट हे जठरातील आम्लता कमी करणारे औषध म्हणून वापरले जाते, याचे कारण ते आम्लात विरघळते. जठररसासारख्या, सामू १.२ असलेल्या द्रावणात औषध बाहेर पडणे हे थर विरघळल्याचे लक्षण असू शकते. त्याला नियंत्रित विनिमय म्हणण्यापूर्वी द्रावणातील मॅग्नेशियम मोजणे आवश्यक आहे. हे मापन साध्या अनुमापनाने होण्यासारखे असूनही अनेकदा टाळले जाते.

६. महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या संदर्भात

अशी काटेकोर चिकित्सा मोठ्या संस्थांनाच परवडते, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो पूर्णतः खरा नाही. बंगळूर येथील सेंट जोसेफ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातून स्तरित हायड्रॉक्साइडांचे थर सुटे करण्याविषयी आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत सातत्याने संशोधन प्रसिद्ध झाले आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळा या विषयात मूलभूत काम करू शकते, हे त्यावरून दिसते.

विवर्तन मापन बाहेरील सुविधा केंद्रात करून घ्यावे लागेल. परंतु ते लहान कोनापासून सुरू करण्याची सूचना देण्यास अधिक खर्च येत नाही. उरलेली अनेक मापने पदवी अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकांच्या आवाक्यात आहेत. मॅग्नेशियम ईडीटीए अनुमापनाने आणि ॲल्युमिनियम ऑक्सिनेटच्या भारमापनाने ठरवता येते. नमुना थंड विरल आम्लात विरघळवून निघणारा कार्बन डायऑक्साइड बेरियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात शोषला की कार्बोनेट कळतो. बेंझोएट किंवा सॅलिसिलेट यांसारखे आयन त्याच विरल द्रावणात अतिनील-दृश्य वर्णपटमापकाने मोजता येतात. या दृष्टीने पाहता, पाहुणा म्हणून एखादे महागडे औषध निवडण्यापेक्षा सहज मोजता येणारा साधा आयन निवडणे नवोदित संशोधकाच्या अधिक हिताचे आहे.

परीक्षकाच्या भूमिकेतील प्राध्यापकांवरही जबाबदारी येते. रसायनशास्त्राबाहेरील परीक्षकालाही तीन प्रश्न विचारता येतील : पदार्थ कोणत्या पाण्याने व कोणत्या वातावरणात धुतला? विवर्तन कोणत्या कोनापासून मोजले? सूत्रातील कोणते आकडे मोजलेले आणि कोणते गृहीत धरलेले आहेत?

७. निष्कर्ष

१) सहअवक्षेपण, आयन विनिमय आणि पुनर्रचना या पद्धती परस्परांना पर्याय नाहीत. प्रत्येकीतून वेगळ्या प्रकारची भेसळ संभवते. म्हणून पद्धतीची निवड पाहुण्या आयनाच्या आकार, भार व रासायनिक स्वभावानुसार व्हावी.

२) कार्बोनेटचा शिरकाव हा अपवाद न मानता नियम मानावा आणि त्याची अनुपस्थिती मापनाने सिद्ध करावी.

३) थरांचे वाढलेले अंतर हा अंतर्वेशनाचा आवश्यक पण अपुरा पुरावा आहे. पूर्ण रासायनिक घटन व भारसंतुलन यांची जोड त्याला हवी.

४) औषधवहनादी उपयोजनांचे दावे करण्यापूर्वी पृष्ठभागावरील आणि थरांमधील आयनांचा वेगळा हिशेब देणे, तसेच थर विरघळण्याची शक्यता तपासणे आवश्यक आहे.

५) यांपैकी बहुतांश तपासण्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होऊ शकतात. साधनांची टंचाई हे विवर्तनाच्या बाबतीत खरे कारण असेल. ब्युरेट आणि तराजूच्या बाबतीत ते कारण देता येणार नाही.